गलबताच्या गेमसाठी क्राउडफंडिंग: गाजावाजा कधी, कुठे आणि किती?

शिडाची_सावली (मालवण)

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून पीसीसाठी 'मतलई' नावाचा गेम करतोय. टूडी, गोडो इंजिनवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर). वेंगुर्ल्यापासून मुंबईपर्यंत गलबतातून माल न्यायचा. दिवसा दर्यावरून येणारा खारा वारा, रात्री जमिनीकडून सुटणारा मतलई, त्याप्रमाणे शीड आणि नांगर सांभाळायचा. वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग आणि जैतापूर ही पाच बंदरं खेळता येतात, साधारण ४० मिनिटांचा खेळ होतो. रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णे आणि वरचा किनारा बाकी आहे. संवाद मराठी आणि मालवणीत, सबटायटल इंग्रजीत.

उरलेल्या कामासाठी ९ लाख लागतील असा अंदाज आहे. ते क्राउडफंडिंगची मोहीम करून, म्हणजे पुष्कळ लोकांकडून थोडे थोडे आगाऊ पैसे घेऊन, उभे करायचे आहेत. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात पान आहे, विशलिस्ट (गेम हवाय अशी खूण करून ठेवलेले) ६४०. इन्स्टाग्रामवर १,९०० फॉलोअर, ईमेल यादीत २१० जण. पैसे देणाऱ्यांना गेमची की (स्टीमवर गेम उघडायचा कोड), टी-शर्ट, मग आणि मोठ्या रकमेला सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते) द्यायचा विचार आहे.

प्रश्न असे: किकस्टार्टर (क्राउडफंडिंगची परदेशी साइट) की स्वतःचं पान? प्रसिद्धी किती आधीपासून? गणपतीत चाकरमानी गावात असतात, तेव्हाच मोहीम उघडावी का? आणि पैसे देऊन जाहिरात करावी का?

---

दीपस्तंभ (रत्नागिरी)

किकस्टार्टरचा विषय आधी संपवू. मोहीम उघडणाऱ्याचा देश त्यांच्या यादीत असावा लागतो, आणि त्या यादीत भारत नाही. पैसे देणारा इथला चालतो, घेणारा चालत नाही. 'सिंगापूरच्या मामेभावाच्या नावाने उघडू' ही युक्ती हमखास कुणीतरी सुचवेल. पण मग ओळखपत्र, पत्ता, बँक खातं सगळं त्याचं, जबाबदारीही त्याची, आणि आलेली रक्कम तिथल्या कर खात्याच्या लेखी त्याची कमाई. तिकडे रीतसर कंपनी आणि तिच्याशी लेखी करार असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर नातं आणि पैसे दोन्ही अडकतात.

तिथे न जाता तुम्ही नेमकं काय गमावताय तेही बघा. किकस्टार्टरवर लक्ष्य गाठलं तरच कार्डावरून पैसे कापले जातात, आणि मग ५ टक्के त्यांचे, वर पेमेंटचा खर्च साधारण ३ टक्के आणि दर व्यवहारामागे काही सेंट. 'पूर्ण झालं नाही तर माझे पैसे जाणारच नाहीत' ही खात्री अनोळखी माणसाला पुढे आणते. तुमच्या पानावर पैसे त्याच क्षणी कापले जातील. ती खात्री दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी लागेल, आणि त्यासाठी खेळता येणाऱ्या डेमोइतकं चांगलं काही नाही. तुमच्याकडे ४० मिनिटांचा खेळ आहे, म्हणजे निम्मं काम झालंय. तो सबंध देऊ नका. वेंगुर्ला ते मालवण, एक रात्र आणि एक दिवस, १२ ते १५ मिनिटांत संपेल असा तुकडा कापा.

आता गर्दीचा हिशोब. ६४० विशलिस्ट म्हणजे ६४० माणसं हाताशी आहेत असं धरू नका. त्यांचे ईमेल तुम्हाला दिसत नाहीत. स्टीम त्यांना पत्र पाठवतं ते गेम विक्रीला आल्यावर किंवा २० टक्के अथवा जास्त सूट लागल्यावर. 'आमची मोहीम उघडली' हे सांगायला ती यादी जवळजवळ निरुपयोगी आहे. गेम बाजारात येईल त्या दिवशी ती सोन्याची. मोहिमेसाठी खरी पुंजी म्हणजे २१० ईमेल. तेवढ्यावर काहीही उघडू नका.

ईमेल गोळा करायची सगळ्यात चांगली जागा डेमोचा शेवटचा पडदा. 'देवगड उघडलं की कळवू?' एवढंच वाक्य, खाली क्यूआर आणि बटण. इन्स्टाग्रामच्या बायोतही हीच लिंक, स्टीमची नाही. डेमो खेळून आपणहून पत्ता दिलेल्या शंभरातले दहा पैसे देतील असं नियोजनापुरतं धरा. स्पर्धा किंवा बक्षीस लावून जमवलेल्या यादीत तीनसुद्धा धरू नका, कारण ती माणसं बक्षिसाची असतात.

गर्दी एक नाही, दोन आहेत, आणि दोघांना एकच मजकूर पाठवला की दोन्हीकडे फसतं. पहिली गर्दी कोकणी माणसाची: मुंबई, ठाणे, पुणे, आखात. हा यूपीआयने ३९९ रुपये सहज देईल, पण त्याच्याकडे स्टीमचं खातं असेलच असं नाही, पुष्कळांकडे मोबाइलखेरीज काही नाही. त्याला बंदर, बोली, देऊळ ओळखीचं दिसलं पाहिजे. दुसरी गर्दी जगभरातली, शिडाच्या जहाजांचे आणि व्यापाराचे गेम खेळणारी. तिला मालवण कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही. रात्री वारा उलटतो आणि त्यावर तुमची चाल ठरते, हे तिला हवं. मोहीम पहिल्या गर्दीकडे न्या, विशलिस्ट दुसरीकडून भरा. दुसऱ्या गर्दीकडून आगाऊ पैसे हवेतच असतील तर इच.आयओ या छोट्या गेमच्या साइटवर डेमोला 'मनाला येईल ती किंमत' लावून ठेवा. त्यांचा वाटा मुळात १० टक्के असतो आणि तो तुम्हीच बदलू शकता.

वेळेचं म्हणाल तर उघडण्याआधी बारा आठवडे. पहिले चार डेमो घासूनपुसून घेण्यात आणि अनोळखी दहा-पंधरा जणांकडून खेळवून घेण्यात. तुम्ही मागे उभं राहायचं, बोलायचं नाही, कुठे अडतात ते लिहून घ्यायचं. मधले सहा आठवडे डेमो बाहेर आणि ईमेल गोळा. शेवटचे दोन फक्त ओळखीच्यांना तारीख, वेळ आणि लिंक कळवण्यासाठी.

स्टीमच्या नेक्स्ट फेस्टमध्ये (येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा उत्सव) एका गेमला एकदाच भाग घेता येतो. तो मोहिमेसाठी खर्चू नका, बाजारात येण्याच्या लगेच आधीचा धरा.

आपल्याकडचंच उदाहरण बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 'राजी'साठी २०१७ मध्ये किकस्टार्टर केलं होतं. लक्ष्य गाठलं नाही. गेम तरीही २०२० मध्ये आला, आधी निन्टेन्डो स्विचवर. मोहीम पडली म्हणून गेम पडत नाही, पण लक्ष्य किती ठेवायचं याचा विचार दहादा करा.

---

हिशोबाची_वही (कुडाळ)

लक्ष्याचा मुद्दा निघालाच आहे तर आकडे मांडतो.

हातात ९ लाख हवेत. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन खात्यात जमा करणारी सेवा) साधारण २ टक्के घेतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के. वस्तू आणि टपालाला १२ टक्के धरा, रद्द झालेल्या नि परत द्यायच्या रकमांना ३. झाले १७.३६. म्हणजे ९ लाख उरायला जवळपास ११ लाख जमले पाहिजेत. सरासरी ७०० रुपये पकडले तर १,५७० माणसं. दीपस्तंभ म्हणतात त्या दहातल्या एका हिशोबाने त्यासाठी १५ हजारांची यादी लागेल. २१० वरून १५ हजार होत नाहीत.

म्हणून लक्ष्य छाटा. अख्ख्या गेमचे पैसे मागू नका, एका नाव घेता येईल अशा कामाचे मागा: 'रत्नागिरी ते हर्णे चार बंदरं आणि मालवणी आवाज', ३ लाख ५० हजार. वरच्याच हिशोबाने ४ लाख २५ हजार जमवायचे, ६०७ माणसं. पहिल्या दोन दिवसांत त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे दोनशे जण, आले पाहिजेत. तेवढे आले नाहीत की पान रिकामं दिसतं आणि रिकाम्या पानावर कुणी पैसे टाकत नाही. दोनशेंसाठी २,००० ईमेल. हे बारा आठवड्यांत अवघड आहे, पण होण्यातलं आहे.

पैसे घ्यायचे कसे: स्वतःचा यूपीआय क्यूआर बचत खात्यावर लावून अजिबात नाही. शेकडो अनोळखी खात्यांतून छोट्या रकमा आल्या आणि त्यातली एखादी कुठल्या सायबर तक्रारीच्या साखळीतली निघाली, तर बँक खातं गोठवते आणि ऐन मोहिमेत तुम्ही शाखेच्या चकरा मारता. चालू खातं काढा, त्यावर गेटवे घ्या. केवायसीला किमान तीन आठवडे हाताशी ठेवा. गेटवेवाले वेबसाइटवर अटी, गोपनीयता, परतावा आणि संपर्क ही चार पानं बघतात. 'गेमिंग' हा शब्द दिसला की आणखी खोदून विचारतात, कारण २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली आहे. तुमचा खेळ त्यात बसत नाही, पण ते त्यांना तुम्ही सांगायचं: एकदाच विकत घ्यायचा गेम, पैज नाही, जिंकून पैसे नाहीत. अर्जात आणि अटींच्या पानावर दोन्हीकडे हे वाक्य टाका.

जीएसटी. गेमची की ही डिजिटल सेवा. सेवांना वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, परराज्यात विकली तरी. वस्तूंचं तसं नाही. टी-शर्ट किंवा मग राज्याबाहेर विकला की रकमेचा प्रश्नच नाही, नोंदणी लागते. आणि आपल्याकडे राज्याबाहेर म्हणजे बांद्याच्या पलीकडे! पेडण्याला, म्हणजे गोव्यात, एक मग पाठवलात की आंतरराज्य विक्री झाली. हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे, गंजिफा त्यात बसवता येईल का ते सीएकडून लेखी घ्या. माझं मत विचाराल तर पहिल्या मोहिमेत वस्तू ठेवूच नका.

आलेले पैसे धंद्याची जमा आहेत, देणगी नाहीत. पानावर 'देणगी' लिहू नका, 'आगाऊ खरेदी' लिहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहीम केलीत तर जमा एका आर्थिक वर्षात आणि खर्च पुढच्या वर्षात जातो, कर भरताना बोंब होते. आणि 'नफ्यात वाटा', 'पैसे वाढवून परत' असलं गमतीतही कुठे लिहू नका. लोकांकडून गुंतवणूक किंवा ठेव घेणं हे निराळ्या कायद्यांचं रान आहे.

लक्ष्य पूर्ण झालं नाही तर काय, हे पहिल्याच पडद्यावर लिहा. सगळ्यांना परतावा द्यायचा म्हटलं तर गेटवे आपलं शुल्क सहसा सोडत नाही, तो भुर्दंड तुमचा. त्यापेक्षा पायऱ्या ठेवा: २ लाखांत रत्नागिरी आणि जयगड, सव्वाचार लाखांत हर्णेपर्यंत आणि आवाज. दोन लाखही जमले नाहीत तर परतावा, किती दिवसांत तेही लिहून.

---

गजालीकार (कणकवली)

टी-शर्टाच्या नादाक लागू नकात. माप चुकला की शर्ट परत, धाडूचो खर्च तुमचो, वर शिव्या. गंजिफा बरी, पण ती हातान रंगवतत. दशावतारी जोडात १२० पानां. चितारआळीत आधी इचारून घेया, किती जोड किती म्हयन्यात होतत तां, आणि त्याच्या निम्मेच कबूल करा.

आणि गेमातली माणसां मालवणीत बोलतत मा? मगे तांच पयलां दाखवा. मुंबयचो चाकरमानी तेकाच भुलतलो.

---

फ्रेम_बाय_फ्रेम (पनवेल)

गजालीकारांचं शेवटचं वाक्य ट्रेलरलाही लागू आहे.

लांबी ६० ते ७५ सेकंद. सुरुवातीला लोगो नको, 'एका लहानशा गावातून' नको, ड्रोनमधून दिसणारे माड तर नकोच. पहिले चार सेकंद हे ठेवा: रात्र, कंदील, शीड मलूल पडलेलं. होकायंत्राशेजारची वाऱ्याची खूण जमिनीकडून दर्याकडे फिरते, शीड फुगतं, नांगर वर येतो आणि गलबत सरकायला लागतं. अख्खा गेम त्या चार सेकंदांत आहे. त्यानंतर तांडेल (गलबताचा प्रमुख) मालवणीत एक वाक्य बोलतो, मग माल, भाव, बंदर. शेवटच्या पाच सेकंदांत नाव आणि एकच लिंक.

आवाज बंद करून बघा. फोनवर लोक आवाज बंद ठेवूनच बघतात. वारा बदललाय हे आवाजाशिवाय कळलं पाहिजे. कळत नसेल तर बाण मोठा करा किंवा धुराचा कल दाखवा.

देवनागरी जपा. गोडो ४ मध्ये जोडाक्षरं नीट जुळतात, ३ मध्ये जुळत नव्हती, तेव्हा तुमचं इंजिन कुठल्या आवृत्तीवर आहे ते आधी तपासा. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र मजकुराचं इंजिन 'साउथ एशियन' केलं नसेल तर 'किनारा'मधली पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसते आणि 'र्‍या'चा चुथडा होतो. मराठी प्रेक्षक तेवढाच स्क्रीनशॉट काढून फिरवतो. फॉन्ट मुक्त परवान्याचे घ्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. कुठल्यातरी जाहिरातवाल्याच्या पेनड्राइव्हमधला फॉन्ट गेममध्ये घालून विकायचा परवाना तुमच्याकडे नसतो.

जिफ केलीत तर ६ सेकंद, रुंदी ६०० पिक्सेल, सेकंदाला १२ ते १५ फ्रेम. जिफमध्ये २५६च रंग मावतात, त्यामुळे तुमचं संध्याकाळचं आभाळ पट्ट्यापट्ट्यांचं दिसेल. आभाळाचा शॉट असेल तिथे एमपी४ द्या. इन्स्टाग्रामसाठी उभा, १०८० बाय १९२०. आडव्या व्हिडिओच्या वरखाली काळ्या पट्ट्या टाकून उभा करू नका, गलबत जवळून दिसेल असा कॅमेरा लावून वेगळा रेकॉर्ड करा. मजकूर मधल्या भागात ठेवा, खालचा पाचवा हिस्सा ॲपच्या बटणांखाली जातो.

व्हॉट्सॲप तुमच्यासाठी स्टीमपेक्षा महत्त्वाचं. लिंक पाठवल्यावर जे चित्र उमटतं ते १२०० बाय ६३० आणि ३०० केबीच्या आत ठेवा. जड असलं की चित्र येतच नाही, नुसती निळी लिंक दिसते आणि तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही, फसवणुकीची वाटते. चुकीचं चित्र एकदा उमटलं की पान दुरुस्त करूनही जुनंच दिसत राहतं. मग लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून काहीतरी वाढवायचं, म्हणजे नवी लिंक समजून नवं चित्र घेतलं जातं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ च्या वर नंबर बसत नाहीत, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो. ही मेख माहीत नसल्याने 'सगळ्यांना पाठवलं, कुणी आलं नाही' असं होतं.

प्रत्येक ठिकाणी वेगळी यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी खूण) जोडलेली लिंक द्या. वाडीच्या ग्रुपला एक, इन्स्टाग्रामला एक, पोस्टरवरच्या क्यूआरला एक. तिसऱ्या दिवशी कुठून पैसे येतायत ते कळलं तर तिकडे जोर लावता येतो.

---

शिडाची_सावली (मालवण)

आभारी आहे. टी-शर्ट आणि मग रद्द. लक्ष्य सव्वाचार लाख ठेवू. गोडो ४ च आहे, पण ट्रेलरमध्ये वेलांटी खरंच चुकली होती, आत्ता बघितलं. गणपतीचं काय? आंगणेवाडीच्या जत्रेत स्टॉल लावावा असंही एकाचं म्हणणं आहे.

---

सुकती_भरती (देवगड)

गणपतीत मोहीम उघडू नका, पण गणपती सोडूही नका.

त्या दिवसांत घरात आरत्या, रात्री भजनं, दिवसा पाहुणे. गावात नेटवर्कचा भरवसा नाही, आणि गाडीभाडं नि सामान यात खिसा आधीच हलका झालेला. पैसे द्या म्हणायची ही वेळ नव्हे. बघा म्हणायची मात्र याहून चांगली वेळ वर्षात नाही. लॅपटॉपवर डेमो लावून ओटीवर ठेवा, मुलं सोडणार नाहीत आणि मुलांमागून मोठे येतील. ईमेल मागत बसू नका, तिथे व्हॉट्सॲप नंबर लोक सहज देतात. पण 'गेमची बातमी पाठवू का' असं विचारून वहीत लिहून घ्या, आणि तुमचा नंबर तिथेच सेव्ह करून घ्या, नाहीतर वर सांगितलेली ब्रॉडकास्टची मेख आहेच.

चाकरमानी परत गेले की पितृपक्ष लागतो. त्यात बरीच मंडळी नवी खरेदी टाळतात, तेव्हा तो पंधरवडा आठवणीच्या निरोपांसाठी ठेवा आणि घटस्थापनेला उघडा. २४ दिवसांची मोहीम केलीत तर वसुबारसेच्या आधी संपते, म्हणजे दिवाळीच्या खरेदीशी झोंबाझोंबी नाही, आणि बहुतेक वर्षी मधे एक पहिली तारीख येते. पगार झालेला बरा. जून-जुलै नकोच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, किनाऱ्यावर पैसाच फिरत नाही.

मुंबईत कोकणातल्या पुष्कळ वाड्यांची ग्रामस्थ मंडळं आहेत. तिथे थेट लिंक टाकली की ॲडमिन उडवतो. आधी अध्यक्षांना किंवा सेक्रेटरींना फोन, डेमो त्यांच्या घरच्या मुलाला खेळायला द्यायचा, आणि निरोप त्यांच्या नंबरवरून जाऊ द्यायचा. ज्या बंदराचं मंडळ त्या बंदराचा व्हिडिओ. देवगडच्या मंडळाला विजयदुर्ग पाठवलात तर तो आदर समजला जाणार नाही! विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्ग हे २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत आहेत. वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीला प्रेसनोट देताना हा धागा चालतो. नोट दोनशे शब्दांची, मजकूर युनिकोडमध्ये पत्रातच, पीडीएफ नको, सोबत एक मोठा फोटो आणि मोहिमेची तारीख पहिल्या वाक्यात.

आंगणेवाडीला माझा विरोध. एक तर भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगावर ठरत नाही, देवीच्या कौलावर ठरते, म्हणून तिच्यावर मोहिमेचं वेळापत्रक बांधता येत नाही. दुसरं, एवढ्या गर्दीत मोबाइल डेटा मान टाकतो. क्यूआर स्कॅन होतो, पान उघडत नाही, आणि घरी जाऊन कुणी पुन्हा उघडत नाही. तिसरं, रांगेत ताटकळलेल्या माणसाला तुम्ही १५ मिनिटांचा डेमो काय दाखवणार? जत्राच करायची तर महाशिवरात्रीला कुणकेश्वर बघा, तारीख आधी कळते. तिथेही नेटवर न चालणारा ३ मिनिटांचा डेमो, दोन मशीन, बॅटरी बॅकअप, आणि पैसे नाही, फक्त नंबर. फ्लेक्सवर क्यूआर लावायचा तर चकचकीत फ्लेक्स टाळा, हॅलोजनची तिरीप पडून कॅमेऱ्याला दिसत नाही. फुकट 'डायनॅमिक' क्यूआर देणाऱ्या साइट मुदत संपली की लिंक तोडतात. साधा क्यूआर तुमच्या स्वतःच्या डोमेनवरच्या एका छोट्या लिंकचा करा, ती पुढे कुठे वळवायची हे तुमच्या हातात राहतं.

---

हिशोबाची_वही (कुडाळ)

दशावताराच्या मांडवात फ्लेक्स लावायचा सल्लाही येईल, त्याआधीच सांगतो: रात्री एक वाजता संकासुर रंगात आलेला असताना क्यूआर कोण बघतो?

---

दीपस्तंभ (रत्नागिरी)

जाहिरातीचा प्रश्न राहिला. मोहिमेच्या आधी, ईमेल गोळा करायला, थोडी करा. मोहीम उघडल्यावर पहिल्या तीन दिवसांत करू नका. जाहिरातीने आलेला अनोळखी माणूस लगेच ७०० रुपये देत नाही, डेमो उतरवून बघतो. म्हणून जाहिरात डेमोकडे न्या. दोन वेगवेगळे व्हिडिओ, प्रत्येकी रोज ३०० रुपये, पाच दिवस: ३,००० झाले, वर जीएसटी. एका ईमेलला किती पडले ते मोजा. ७० रुपयांच्या वर जात असेल तर थांबवा: दहा ईमेलमागे एक गिऱ्हाईक म्हणजे सरासरी ७०० ची पूर्ण रक्कम जाहिरातीतच गेली. १५-२० रुपयांत पडत असेल तर वाढवा. 'बूस्ट पोस्ट'चं बटण दाबू नका, त्यात लाइक मिळतात.

यूट्यूबवाल्यांना उघडण्याच्या तीन आठवडे आधी लिहा. दहा लाखांच्या चॅनेलना नको. ज्यांनी शिडाच्या जहाजांचे किंवा व्यापाराचे छोटे गेम खेळलेत ते शोधा, त्यांच्या त्या व्हिडिओचा उल्लेख पहिल्या ओळीत, दुसऱ्या ओळीत जिफ, मग की, मोहिमेची तारीख, आणि प्रेस किटची लिंक. किटमध्ये १९२० बाय १०८० चे आठ-दहा स्क्रीनशॉट, पारदर्शक पार्श्वभूमीचा लोगो, ट्रेलरची मूळ फाइल, मराठी आणि इंग्रजी दीडशे शब्द. झिप करून ठेवा, परवानगी मागायला लावणाऱ्या ड्राइव्हच्या लिंका देऊ नका.

पान वर गेलं की 'आम्हाला पाच की द्या, लाखो लोकांना दाखवू' अशी पत्रं येतील. बहुतेक की विकणारे. पत्र ज्या चॅनेलच्या नावाने आलंय त्या चॅनेलच्या माहितीत दिलेल्या ईमेलवर उलट उत्तर पाठवा. खरा असेल तर तिथून बोलेल. स्टीमच्या क्युरेटरांना (तिथे गेम सुचवणाऱ्यांना) स्टीमच्याच क्युरेटर कनेक्टमधून द्या, ईमेलने नको. 'अमुक डॉलर द्या, तुमची मोहीम भरून देतो' म्हणणाऱ्यांना उत्तरच नको.

कीच्या किमतीबद्दल एक अट लक्षात ठेवा: स्टीमच्या की फुकट मिळतात, पण बाहेर स्वस्तात विकून स्टीमवरच्या गिऱ्हाइकाला तो भाव कधीच न देणं त्यांना चालत नाही. ३९९ मध्ये आगाऊ देणार असाल तर बाजारात येताना पहिल्या आठवड्याची सूट त्याच आसपास ठेवा. आगाऊवाल्यांना वेगळेपण द्यायचं ते श्रेयनामावलीत नाव, बंदराच्या नोंदवहीत गलबताला त्यांनी दिलेलं नाव, साउंडट्रॅक, किनाऱ्याचा डिजिटल नकाशा. यातलं काहीच टपालाने जात नाही.

मधले दिवस ओस पडतात. साधारण चौथ्या दिवसापासून शेवटच्या तीन दिवसांपर्यंत आकडा जवळपास हलत नाही, म्हणून दाखवायच्या गोष्टी सगळ्या पहिल्या दिवशी उधळू नका. तिघांत वाटून घ्या: सातव्या दिवशी रत्नागिरी बंदराचं पहिलं चित्र, बाराव्या दिवशी तांडेलाचा आवाज रेकॉर्ड होतानाचा व्हिडिओ, सतराव्या दिवशी डेमोत जयगडचा दीपस्तंभ. (नावाचा यात काही संबंध नाही.) पैसे दिलेल्यांना प्रत्येक वेळी आधी, बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी. पैसे दिलेल्या माणसाला 'पैसे द्या'चा निरोप पुन्हा गेला तर तो चिडतो, म्हणून ज्यांचे पैसे आले त्यांची नावं रोज रात्री ईमेल यादीतून वेगळ्या खणात हलवा. गेटवेमधून रोजची सीएसव्ही (तक्त्याची फाइल) उतरते, ईमेलच्या रकान्यावर जुळवायची. पैसे भरताना लोक दुसराच ईमेल टाकतात, त्यामुळे फोन नंबरावरही जुळवा.

शेवटच्या ४८ तासांत दोन निरोप: एक दोन दिवस उरले म्हणून, एक शेवटच्या संध्याकाळी सात वाजता. मध्यरात्री संपवू नका, रात्री दहाला संपवा. शेवटच्या तासात कुणाचं पेमेंट अडकलं, पैसे कापले पण पावती आली नाही, असे फोन येतातच, आणि तेव्हा तिघांपैकी एकाने गेटवेचा डॅशबोर्ड उघडून जागं असलं पाहिजे.